नकाशा आणि दुधाचा ग्लास

त्याला सगळे भोंगा म्हणत. हे नाव डेअरीतल्या लोकांनी ठेवलं होतं, आणि ते चुकीचं आहे असं त्याच्या बायकोनेही कधी म्हटलं नाही. दुधाची गाडी चालवणाऱ्याने पहाटे तरी जरा दबून बोलावं, लोक साखरझोपेत असतात. पण हा गडी जिन्याखालूनच अशी आरोळी ठोकायचा की तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं पोर दचकून रडायला लागायचं, आणि मग हा वर जाऊन त्या पोराची माफीही तेवढ्याच आवाजात मागायचा. आनंद झाला तरी बोंब, राग आला तरी बोंब. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात, तसला माणूस. मन मात्र स्वच्छ. नुसत्या स्वच्छ मनावर संसार होत नाही, हे बायको त्याला अधूनमधून ऐकवायची, ती गोष्ट वेगळी.

बायको त्याच डेअरीत क्रेट धुण्याच्या विभागात होती. दिवसभर गरम पाण्याच्या वाफेत उभं राहून तिचा स्वभाव मोजकं बोलण्याचा झाला होता. दोघांना मिळून एकच मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. घरात तिला टिल्ली म्हणत, कारण जन्मली तेव्हा ती दुधाच्या पिशवीपेक्षा जेमतेम मोठी होती, असं भोंगा येईल त्याला सांगायचा.

टिल्ली शाळेत असताना तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका उमटला. मग कोपरावर, मग ओठाच्या कडेला, मग मानेवर. डॉक्टर म्हणाले, कोड आहे, दुखत नाही, कुणाला लागत नाही, जिवाला धोका नाही. नातेवाईक म्हणाले ते वेगळंच, आणि पोरीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. त्या दिवशी ती पलंगाखाली जाऊन बसली. भोंगा आपला अवजड देह घेऊन तिच्यामागे पलंगाखाली शिरला, म्हणजे अर्धाच शिरला, आणि म्हणाला, "अगं वेडे, दूधवाल्याची पोर तू! अंगावर थोडं दूध सांडलंय, दुसरं काय?"

पोर हसली. पुढे बरेच दिवस घरात तेच चाललं. आज कुठे सांडलं, बघू. मग ती मोठी झाली, ते बोलणं मागे पडलं. भोंगा तर ते साफ विसरून गेला.

मोठी झाल्यावर टिल्ली लपवायला शिकली. रोज सकाळी आरशासमोर ट्यूबा, डब्या, स्पंज मांडून बसायची आणि चेहऱ्याचा रंग असा बेमालूम जुळवायची की हात लावून बघितल्याशिवाय कळू नये. भर उन्हाळ्यात लांब बाह्या, मानेभोवती रुमाल. पण घरी आली, बॅग टाकली की आधी तोंड धुवायचं. मग त्या ओल्या, धुतलेल्या चेहऱ्याने ओट्याला टेकून ती बापाबरोबर चहा प्यायची. आईबापासमोर तिने कधी काही झाकलं नाही. दिवसभरातली भोंग्याची सगळ्यात आवडती वेळ ती. पोरीचा तो चेहरा घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हता, आणि आपल्याला ठाऊक आहे याचा त्याला उगीचच गर्व होता.

सल एकच होता. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी टिल्लीने बजावलं होतं, "बाबा, गाडी घेऊन गेटपाशी येऊ नका हं." भोंगा हसून बरं म्हणाला, आणि पोरीला आपल्या दुधाच्या गाडीची लाज वाटते ही गाठ त्याने मनात मारून ठेवली. उभ्या आयुष्यात न ओरडता ठेवलेली ही त्याची एकच गोष्ट असावी. खरं तर टिल्लीला गाडीची लाज नव्हती. गेटवरच्या नजरा आपल्याकडे वळायला नकोत, कुठल्याच निमित्ताने नकोत, एवढंच तिचं म्हणणं होतं. पण तिने कारण सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

डेअरीने गाडीवाल्यांना फोन दिले तेव्हा भोंग्याने आधी कटकट केली. मग गिऱ्हाइकांचा ग्रुप निघाला आणि बघता बघता त्या ग्रुपची स्वतःचीच एक भाषा तयार झाली. पहाटे उठून कोण लिहीत बसतं? लोक चित्रं टाकायचे. एक ग्लास म्हणजे एक पिशवी, दोन ग्लास म्हणजे दोन. ग्लास आणि फुली म्हणजे आज नको. त्याच्या आधी प्रवासाची बॅग असली तर आम्ही परगावी, सांगेपर्यंत टाकू नको. ग्लास आणि लिंबू म्हणजे कालचं दूध नासलं. पुढे लाल चेहरा असला तर आता तुझी खैर नाही. आणि नकाशा नि ग्लास म्हणजे नवं घर, आमच्याकडेही दूध टाकत जा. ग्रुपवर 🗺️🥛 उमटलं की स्वारी खूश. नवं गिऱ्हाईक, नवा जिना, नवी आरोळी! हळूहळू तो स्वतःला या चित्रांतला पंडित समजायला लागला. बायकोला म्हणायचा, "अगं, अक्षर खोटं बोलेल, चित्र खोटं बोलत नाही."

"जेवून घ्या आता," बायको म्हणायची.

त्या वर्षी टिल्लीने मनाशी काहीतरी ठरवलं. एका रविवारी तोंड धुतल्यावर ती बिनबाह्यांच्या कपड्यात खिडकीपाशी उभी राहिली, तिने स्वतःचा फोटो काढला आणि सगळ्या कॉलेजला दिसेल असा फोनवरच्या आपल्या पानावर टाकला. डोळ्याजवळचा, ओठाजवळचा, मानेवरचा, दंडावरचा, एकूण एक डाग त्यात दिसत होता. खाली एक शब्दही लिहिला नाही. सोमवारी ती तशीच, धुतलेल्या चेहऱ्याने कॉलेजला गेली. ती वळणाआड होईपर्यंत आई दारात उभी होती. संध्याकाळी भोंग्याला हे कळलं तेव्हा तो रडला, अर्थात मोठ्याने. काय झालं म्हणून शेजारी विचारायला आले.

फोटोखाली आधी हृदयं आली, टाळ्या आल्या. मग कुणीतरी एक नकाशा टाकला आणि त्याच्या शेजारी दुधाचा ग्लास. मग आणखी कुणीतरी टाकला. मग रांगच लागली. शब्द एकाचाही नाही. शब्द लिहिला असता तर निदान तक्रार करता आली असती. चित्राची तक्रार करायची कुणाकडे, आणि काय म्हणून? मला ग्लास म्हणाले म्हणून? हीच तर या पोरांची हुशारी. मारायचं असं की वळ उठू नये, आणि वर आम्ही कुठे काय म्हटलं, असं म्हणायला मोकळे. नकाशा म्हणजे तिची कातडी, इथे देश, तिथे समुद्र. ग्लास म्हणजे अंगावर सांडलेलं दूध. हे सांडलेलं दूध त्यांना कुठून मिळालं? टिल्लीनेच एका मैत्रिणीला विश्वासाने सांगितलं होतं, लहानपणी माझे बाबा असं म्हणायचे म्हणून. त्या मैत्रिणीच्याही तोंडात तीळ भिजला नाही.

टिल्लीने घरात अवाक्षर काढलं नाही. फोटो काढून टाकायचा नाही, चेहरा झाकायचा नाही, उत्तर द्यायचं नाही. कंटाळतील आपोआप, असा तिचा हिशेब होता. आणि तो चुकला नव्हता. चित्रं कमी होत चालली होती. वर्गात दोघी-तिघी तिच्या शेजारी येऊन बसायला लागल्या होत्या, तोंडाकडे बघून सरळ बोलायला लागल्या होत्या. आणखी थोडे दिवस गेले असते तर पोर जिंकली असती.

नेमका तेव्हा भोंग्याने तो फोटो बघितला.

डेअरीतल्या एका ड्रायव्हरने त्याच्या फोनवर ते पान उघडून दिलं आणि कसं बघायचं ते शिकवलं. भोंगा गाडीत बसून फोटो बघत राहिला. मग खालची चित्रं त्याच्या नजरेला पडली. नकाशा, ग्लास. नकाशा, ग्लास. त्याला आधी खरंच वाटेना. ही तर आपली भाषा! ही या कॉलेजच्या पोरांना कुणी शिकवली? टिल्लीनेच, दुसरं कोण? म्हणजे पोरीने सगळ्यांना सांगितलंय की माझा बाप दूध टाकतो, त्याचा ग्रुप आहे, त्याच्या ग्रुपवर असं असं चालतं. आणि तिचे दोस्त तिला म्हणतायत, आमच्याकडेही टाका! म्हणजे लाज नाहीच. इतकी वर्षं आपण उगीच मनाला लावून घेतलं. आपल्याच तोंडचं ते जुनं बोलणं त्याला आठवलं असतं तर कदाचित शंका आली असती, पण आनंदाने माणसाच्या डोळ्यांवर झापड येते ती अशी. स्वर्ग त्याला दोन बोटं उरला. त्याने फोन हातात घट्ट धरला आणि आपल्या जाड बोटाने पोरीच्या फोटोखाली नकाशा आणि ग्लास, नकाशा आणि ग्लास, ओळ भरेपर्यंत दाबत राहिला.

टिल्लीने ते वर्गात बसून बघितलं. बापाचं नाव, बापाचा मिशीवाला फोटो, आणि पुढे ती ओळ. पण बापाला काहीच माहीत नाही, हे तिला त्याच क्षणी कळलं. सांगायचं म्हटलं तर दोन गोष्टी सांगाव्या लागणार होत्या. एक म्हणजे लोक मला हसतात, आणि दुसरी म्हणजे तुमच्याच शब्दाने हसतात. दुसरी सांगायला तिची जीभ धजली नसती. तिने बापाच्या त्या ओळीखाली एक लाल हृदय टाकलं आणि फोन पालथा ठेवला.

मायेपोटीच टाकलं तिने ते, पण त्या हृदयाने घात केला. भोंग्याला वाटलं, पावती मिळाली.

डेअरीजवळ गाड्यांवर नावं आणि चित्रं काढून देणारा एक पेंटर होता. भोंगा गाडी घेऊन त्याच्याकडे गेला. गाडीची पाठ निळी, कोरी होती.

"नकाशा कुठला काढू?" पेंटरने विचारलं.

"अख्ख्या जगाचा काढ. हात आखडू नकोस. आणि शेजारी दुधाचा ग्लास, हा एवढा."

"भरलेला?"

"काठोकाठ!"

"मग थोडं सांडलेलं दाखवू का? जिवंत वाटतं."

"दाखव की!" भोंगा म्हणाला. "मस्त सांडू दे!"

हे त्याने घरात सांगितलं नाही. पोरीला चकित करायचं होतं. बायकोला नुसता संशय आला, कारण नवरा दोन दिवस गप्प होता. "ताप-बीप आलाय का?" असं तिने विचारूनही बघितलं.

रंग वाळला त्या दिवशी कॉलेज सुटायच्या वेळेला भोंगा गाडी घेऊन थेट गेटपाशी गेला. गाडीची पाठ गेटकडे करून उभा राहिला आणि त्याने दणकून हॉर्न वाजवला. पोरं बाहेर पडत होती. एकाने ते चित्र बघितलं आणि शेजारच्याला कोपर मारलं. मग तिघं आले, मग दहा-बारा. कुणी तोंडावर हात ठेवला होता, कुणी तोही ठेवला नव्हता.

"काका, हे तुम्ही मुद्दाम काढून घेतलं?"

"मग! तुमचंच चित्र आहे हे, ओळखलं नाहीत?"

"तुम्ही तिचे बाबा ना?"

"तिचाच!" भोंगा गरजला. रस्त्यापलीकडच्या माणसांनी वळून बघितलं.

"काका, इकडे उभे राहा ना, फोटो काढू. जरा ग्लासकडे बोट दाखवा. हां, हसा आता."

भोंग्याने बोट दाखवलं. अंगठा वर केला. सगळी मिशी फाकवून हसला. एक मुलगी तेवढी हसत नव्हती. ती भिंतीला धरून उभी होती, मग मान खाली घालून निघून गेली. टिल्लीची ती मैत्रीण हीच, हे भोंग्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

टिल्ली पायऱ्या उतरत होती. आखूड बाह्या, मोकळी मान, धुतलेला चेहरा. तिने आधी गर्दी बघितली, मग चित्र, मग बाप.

"कसं झालंय?" भोंगा सगळ्यांच्या डोक्यांवरून ओरडला.

गर्दीने तिला वाट करून दिली. ती गाडीपर्यंत आली, सांडलेल्या दुधासमोर क्षणभर उभी राहिली, आणि म्हणाली, "छान आहे, बाबा." मागे हशा फुटला. तिने दार उघडलं, आत बसली आणि म्हणाली, "चला."

वाटभर भोंगाच बोलत होता. पोरं किती चांगली आहेत, किती आपुलकीने चौकशी करतात. एका सिग्नलला त्याचा आवाज जरा खाली आला. "मला वाटायचं, तुला गाडीची लाज वाटते."

"नाही हो बाबा," टिल्ली काचेबाहेर बघत म्हणाली. "गाडीची कधीच नव्हती."

घरी आल्यावर तिने तोंड धुतलं. धुण्यासारखं त्यावर काही नव्हतं, तरी बराच वेळ धुतलं. चहा नको म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. डोकं दुखत असेल, असं भोंग्याला वाटलं.

बायको कामावरून आली तेव्हा ओट्यावर पडलेला नवऱ्याचा फोन सारखा वाजत होता. गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर कुणाच्या तरी पोराने तो गेटवरचा फोटो टाकला होता. ग्लासकडे बोट दाखवणारा, अंगठा वर केलेला नवरा, आणि खाली हसून हसून रडणारे चेहरे. बायकोने तो दोनदा बघितला. ती सरळ आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. भोंगा बाहेर भाजी चिरत बसला. दार उघडलं तेव्हा बायकोचे डोळे कोरडे होते. तिने आधी ओट्यावरचा फोन बंद केला.

"काय झालं?"

"हळू बोला."

"अगं, पण झालं काय?"

"तो नकाशा म्हणजे तिचं अंग," बायको म्हणाली. "तिच्यावर हसतात ते. महिनाभर हसतायत. तिने ओठ मिटून सोसलं, आता कुठे थांबत आलं होतं."

भोंग्याने सुरी खाली ठेवली. "आणि ग्लास?"

"ग्लास तुमचा आहे. दूध सांडलंय, असं कोण म्हणायचं तिला?"

भोंग्याला पलंग आठवला. पलंगाखालचा अंधार, आणि त्यात हसलेलं ते छोटं तोंड.

भाजी तशीच टाकून तो खोलीच्या दारापाशी गेला. "टिल्ले."

"तुम्हाला काय माहीत, बाबा," ती आतून म्हणाली. उठून बसली होती. "चांगल्यासाठीच केलंत तुम्ही."

"मला सांगायचं नाहीस का गं?"

"तुम्ही किती खूश होता."

"मी उद्या जातो. त्या गेटवर उभा राहून एकेकाला विचारतो—"

"नको." ती पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली. "बाबा, तुमच्या पाया पडते, पण आता ओरडू नका. कुठेच ओरडू नका."

भोंगा खाली गेला. खरवडणी आणि काचकागद घेऊन त्याने गाडीची पाठ घासायला घेतली. रंग ताजा होता, काही ठिकाणी सालपटं निघाली, काही ठिकाणी खालच्या निळ्यासकट निघाली. तळहाताची कातडी गेली तरी तो घासत होता. शेवटी नकाशाही गेला आणि ग्लासही गेला, आणि निळ्या पाठीवर पांढरट चट्टे उरले. ते कशासारखे दिसतात हे ध्यानात आलं तेव्हा त्याचा हात थांबला. त्याने ताडपत्री आणली आणि सगळी पाठ झाकून दोरीने करकचून बांधली.

दुसऱ्या दिवशी त्याने गुपचूप दूध टाकलं. जिने चढला, पिशव्या दारात ठेवल्या, उतरला. कुणाचं पोर रडलं नाही. एका घरून ग्रुपवर नुसतं प्रश्नचिन्ह आलं. आणखी एका घरून नकाशा आणि ग्लास आला. बिचारं खरंच नवं गिऱ्हाईक होतं. भोंग्याने त्या दोन चित्रांकडे बघितलं आणि फोन खिशात टाकला. त्या घरी दूध गेलं नाही.

तो घरी परतला तेव्हा उजाडून बराच वेळ झाला होता. रविवार होता. कॉलेज नाही, क्लास नाही. बायकोची डेअरीत रविवारची पाळी होती, ती केव्हाच गेली होती. टिल्ली स्वयंपाकघरात चहा करत होती. पाठमोरी होती. लांब बाह्या होत्या.

ती कप घेऊन वळली. चेहऱ्यावर डाग नव्हता. डोळ्याच्या कोपऱ्यात नाही, ओठाच्या कडेला नाही. सगळा रंग नीट, सारखा, बेमालूम बसवलेला. गळ्याभोवती रुमाल होता.

"कुठे जायचंय का आज?" भोंग्याने विचारलं. स्वतःचा आवाज त्याला ओळखू येईना, इतका तो बारीक झाला होता.

"नाही."

"कुणी येणार आहे?"

"नाही, बाबा," टिल्ली म्हणाली. तिने कप त्याच्यापुढे ठेवला आणि रुमाल जरा वर ओढून घेतला. "कुणी नाही."

घरात त्याच्याशिवाय कुणीच नव्हतं.